अंदमानच्या कागदातलं नववं कलम

केवळराम,

परवा तुझ्या तेरवीला लोक हसले. रडून झालं होतं, पंगतीही उठल्या होत्या, आणि कोणीतरी अंदमानचा विषय काढला. मांडवात एकदम हशा पिकला. तुझ्या बहिणीनं, कौसल्याबाईनं, पदरानं डोळे पुसत पुसत तीच गोष्ट पुन्हा सांगितली, "आपल्या तलावावर पहिली मासोळी पाण्याले परत द्याची असते. माह्या भावानं समुद्राले पिशवीच देऊन टाकली, चपलांसंगं!" चाळीसएक माणसं हसली. मीही हसलो, आणि चार वर्षं राहतो तसा गप्प राहिलो.

ती पिशवी तू ठेवली नव्हतीस. मी ठेवली होती. हे दोघांना माहीत होतं, आता एकालाच माहीत आहे. एकट्यानं सांभाळायला ही गोष्ट मला जड जाते.

काल सकाळी तुझी सुनंदा घरी आली. जावई आणि ती जानेवारीत अंदमानला जाणार आहेत. "काका, बाबाचा अंदमानचा कागद द्या ना. तुमच्यापाशी असन." माझ्यापाशी आहेच. चार पानं, सतरा कलमं, माझं अक्षर, तोंडी सांगणं तुझं-माझं निम्मंनिम्मं. आपण परत आल्यापासून मूल गावापासून चामोर्शीपर्यंत जो कोणी अंदमानला निघाला, तो हा कागद घेऊन गेला. मी नोंद ठेवली आहे. एकवीस प्रती गेल्या. आणि त्या एकवीसही प्रतींमध्ये नववं कलम असं आहे: "केवळरामसारखं करू नका. पिशवी पाण्यापासून आठ पावलांवर ठेवली आणि समुद्रानं नेली."

माझ्या हातून लिहिली गेलेली ही एकच खोटी ओळ. सुनंदाला मी सांगितलं, दोन दिवसांनी ये, कागद नव्यानं उतरवून देतो. ती गेल्यावर पेन हातात घेतलं, पण आधी तुझ्याशी बोलल्याशिवाय ते चालेना.

तुला आठवतं का, हे सगळं सुरू कसं झालं? मुलचेऱ्याकडचा बिश्वासदादा मत्स्यबीजाचे डबे घेऊन आपल्या तलावावर यायचा. त्याचा धाकटा भाऊ अंदमानात, हॅवलॉक बेटावर. फाळणीनंतर उठलेलं कुटुंब, एका भावाला आपल्या जंगलात जागा मिळाली, दुसऱ्याला समुद्रात. दादा सांगायचा की तिकडे पाण्यातला मासा किनाऱ्यावरून डोळ्यांनी दिसतो. तू तलावाच्या पाळीवर, बांधावर, बसून जाळ्याच्या गाठी मारत होतास. मान वर न करता म्हणालास, "दिसते तं धरत काऊन नाई?" दादा म्हणाला, या आणि धरा. झालं. दोन वर्षं तू माझ्या मागे लागलास. मी म्हणायचो, इतक्या लांब कशाला, आणि तू म्हणायचास, "पट्टीभाऊ, तू जन्मभर एकाच पाण्याची उंची मोजून राह्यला. दुसरं पाणी पाहाले नको काय?"

पट्टीभाऊ हे नाव तूच पाडलंस. तलावाच्या गेटजवळच्या पट्टीवर रोज सकाळी पाण्याची पातळी पाहायची आणि वहीत लिहायची, हे माझं काम. तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती. आपलं पाणी हिवाळ्यात चार दिवसांत बोटभर उतरतं. एका रात्रीत ते हातभर चढलं असं मी एकदाच लिहिलं आहे, आणि त्या रात्री वरचा तलाव फुटला होता. पाणी म्हणजे काय ते मला माहीत आहे, असं मी समजायचो. चुकीचं मूळ तिथंच.

नव्व्याण्णव सालच्या जानेवारीत निघालो. नव्या कागदातही पहिली पाच कलमं जशीच्या तशी राहतील, त्यांत काही खोट नाही. आपल्याकडच्या माणसानं बल्लारशाहून थेट चेन्नईची गाडी धरावी, नागपूरला उलटं जाऊ नये. जहाज चेन्नईहून सुटतं, पण त्याची तारीख फार आधी कळत नाही, म्हणून चेन्नईत दोन-तीन दिवस हाताशी ठेवावेत. फोटो आणि ओळखपत्राच्या झेरॉक्स जास्तीच्या घ्याव्यात. सामान कमी घ्यावं. आपलं दोघांचं सव्वीस किलो भरलं होतं. त्यातलं अकरा किलो आपण तिथं नेलं आणि हात न लावता परत आणलं. तुझं घोंगडंही त्यात होतं. जानेवारीत तिथं पंखा लावून झोपतात हे बिश्वासदादानं सांगितलं होतं, पण तुझा विश्वास नव्हता. "जानेवारीत घाम येते म्हणे! थो दादा आपल्याले बनवून राह्यला."

सहावं कलम जहाजातल्या उलट्यांचं. ते तुझ्यामुळेच लिहिता आलं. साठ तासांहून जास्त प्रवास. चाळीस वर्षं डोंग्यात उभा राहून जाळं फेकणारा माणूस पहिल्याच संध्याकाळी बंकवर आडवा झाला, आणि मी, ज्यानं डोंग्यात कधी पाय ठेवला नाही, वरणभाताची दोन ताटं संपवली. मी विचारलं, असं कसं रे? तू डोळे मिटूनच म्हणालास, "तलाव हालत नाई गा, डोंगा हालते. इथी दोनी हालून राह्यले." शेजारच्या बंकवरच्या तमिळ म्हातारीनं तुला लिंबू हुंगायला दिलं. तिची भाषा तुला येत नव्हती, तुझी तिला. तरी तिसऱ्या दिवशी तुम्ही दोघं जाळ्याच्या गाठीबद्दल तासभर बोललात. म्हणून कलम असं: उलटीची गोळी जहाज सुटायच्या आधी घ्यावी, नंतर नाही. लिंबू सोबत असावं. डेकवर जाऊन लांब क्षितिजाकडे पाहावं. डोंगा चालवत असल्याचा अभिमान धरू नये. शेवटचं वाक्य तू खोडायला लावलं होतंस, मी खोडलं नाही. त्यावरचं आपलं भांडण अजून बाकी आहे.

पोर्ट ब्लेअरला सेल्युलर जेल पाहिलं. मी एका रांगेतल्या कोठड्या मोजत पुढे गेलो आणि मागे पाहतो तर तू एका कोठडीच्या उंबऱ्याशी बसून होतास. वरचा झरोका दाखवून तिथल्या माणसाला विचारलंस, "भाऊ, इथून समुद्र दिसे काय त्याइले?" तो म्हणाला, नाही, फार उंच आहे. तू म्हणालास, "नाई दिसे तं बरं. आवाज तं येतच असन." त्यानंतर मीही मोजणं थांबवलं. त्या किती झाल्या होत्या, हे कागदात नाही.

मग हॅवलॉक. जेट्टीवर दादाचा भाऊ घ्यायला आला. त्याचं हिंदी बंगाली वळणाचं, तुझं झाडीपट्टीचं, पण मासा दोघांचा एकच. संध्याकाळी साडेपाचला अंधार पडला तेव्हा तू माझं घड्याळ हलवून पाहिलंस. सातवं कलम तेच: तिथं सूर्य लवकर मावळतो, सगळी कामं सकाळी उरकावीत, टॉर्च जवळ ठेवावा. आठवं: पाण्यात अनवाणी उतरू नये, प्रवाळ पायाला कापतं. जुने कॅनव्हासचे बूट घालून उतरावं. आणि प्रवाळ-शंख उचलून आणू नये, मनाई आहे. तू एक शिंपला खिशात टाकला होतास आणि मी मनाईची पाटी वाचून दाखवल्यावर परत ठेवलास. "मासोळी परत देतो तं शिंपला काऊन नाई," म्हणालास.

आता नववं.

पौर्णिमा तोंडावर होती. सकाळी साडेसातला आपण दादाच्या भावाबरोबर किनाऱ्यावर गेलो. तुझ्या हातात फेकायचं जाळं, माझ्या हातात पिशवी. पिशवीत परतीची जहाजाची तिकिटं, माझी वही, आणि वाळूत भरतील म्हणून तू काढून दिलेल्या चपला. मी पाण्याच्या कडेपासून आठ पावलं मोजली आणि पिशवी ठेवली. आपल्या पाळीवर कपडे ठेवायला पाच पावलं पुरतात. मी तीन जास्तीची धरली. हिशोब चोख होता, फक्त तलावाचा होता.

तू वाकलास आणि वाळूला हात लावलास. "वाळू ओली हाये गा, पट्टीभाऊ."

"दव असेल."

"दवानं एवढी खोल ओली होते काय?"

"आठ पावलं आहेत, केवळराम. मोजली आहेत."

तू हात धोतराला पुसलास आणि चालू लागलास. दादाचा भाऊ स्वतःचं जाळं खांद्यावर घेऊन पुढे निघून गेला होता, त्याच्या कानावर हे पडलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. आपण किनाऱ्यानं लांबवर गेलो. तुझ्या पहिल्या फेकीला एक हातभर निळसर मासा आला. त्याला तू दोन्ही हातांत धरून पाण्यात परत सोडलास तेव्हा दादाचा भाऊ ओरडला, "अरे, छोड़ा क्यों?" तू त्याला समजावलंस की पहिली मासोळी पाण्याची. तो कपाळाला हात लावून हसला. दोन तासांनी परत आलो तर जिथं पिशवी होती तिथं कमरेइतकं पाणी. तुझी एक चप्पल पंधरा हातांवर तरंगत होती. तू ती आणायला पोहत गेलास आणि मी किनाऱ्यावर उभा राहून पावलं पुन्हा मोजत होतो. पाण्यातून तू ओरडलास, "आता काय मोजून राह्यला! समुद्राची पट्टी कुठी लावली हाये ते पाह्य!"

चप्पल घेऊन बाहेर आलास आणि वाळूवर एक ओळ दाखवलीस. सुकलेलं गवत, काटक्या, शिंपल्यांचा चुरा, किनाऱ्यावर एका रेषेत पडलेला, पिशवीच्या जागेपासून बराच वर. "इथवर येते पाणी रोज. कचरा सांगते. आपल्या तलावालेही पुरानंतर अशीच ओळ राह्यते." तुला आधीच दिसलं होतं का ते? मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

तिकिटांशिवाय जहाजावर घेता येत नाही असा नियम होता, आणि नियम बरोबरच होता. पुढचं जहाज नऊ दिवसांनी. तेवढ्यात तुझ्या भाचीचं, कौसल्याबाईंच्या मुलीचं, साक्षगंध म्हणजे साखरपुडा होता. मामाचा पाट तू बसल्याशिवाय भरणार नव्हता, आणि आपण वेळेवर पोहोचू हा शब्द मी स्वतः कौसल्याबाईंना तारखांसह कागदावर लिहून दिला होता.

जेट्टीजवळच्या एसटीडी बूथवर तू कौसल्याबाईंच्या शेजाऱ्यांकडे फोन लावलास. मी काचेबाहेर उभा होतो. तुझा आवाज बाहेर येत होता. "बाई, मीच ठेवली होती पिशवी. आठ पावलांवर ठेवली, पाण्यानं नेली. हो, मीच. थो काय करन? थो तं नको म्हणत होता." मी दारावर हात ठेवला होता. ढकललं नाही.

त्याच रात्री मी तुझ्याशी भांडलो. खोटं का बोललास म्हणून. तेव्हा तू जे सांगितलंस ते मी वहीत लिहिलं नाही, कारण वही समुद्रात होती. पण शब्द न शब्द आठवतो. "मासोळी सुटली तं ढिवराले कोनी हसत नाई गा, रोजच सुटते. मोजणारा चुकला तं काय होते? उद्या धानवाले म्हणतीन गेट उघडा, आमी म्हणू पाणी कमी हाये. मंग कोनाचा शब्द मानतीन? तुहा. ज्याले पाण्याची कड समजली नाई त्याचा?"

खरं होतं ते. भादव्यात दर वर्षी गेटवर धानाला पाणी मागणारे आणि मासोळीसाठी ते राखणारे, असे दोन्ही बाजूचे लोक काठ्या घेऊन उभे राहायचे आणि मी पट्टीचा आकडा वाचला की काठ्या खाली यायच्या. पुढच्या चारही भादव्यांत त्या खाली आल्या. तेवढ्यासाठी तू वर्षभर बहिणीचा अबोला सोसलास. राखीला तुझं मनगट रिकामं पाहिलं तेव्हा मी तुझ्या घरून न जेवताच परतलो. तुला वाटलं माझं पोट बिघडलंय.

पण ते नऊ दिवस, केवळराम! खोटं कशाला बोलू, इतके चांगले दिवस मी दुसरे काढले नाहीत. दादाच्या भावाच्या अंगणात तू त्याची चार फाटकी जाळी विणून दिलीस, आणि त्यानं तुला शहाळं एका घावात उघडायला शिकवलं. सहाव्या घावाला तुझं उघडायचं. मी भरती-ओहोटीच्या वेळा नव्या वहीत लिहायला लागलो आणि माझ्या लक्षात आलं की रोज पाणी साधारण पाऊण तास उशिरा येतं. तुला सांगितलं तर म्हणालास, "मंग तं थो आपल्या पोस्टमनसारखाच हाये." अकराव्या कलमातला तक्ता त्या नऊ दिवसांचा आहे. लोक तो फार वाखाणतात. आणि तेरावं कलम: ज्यांच्या घरी लग्न, साक्षगंध असं काही असेल त्यांनी परतीच्या तारखेपुढे पंधरा दिवस मोकळे ठेवावेत. हे लिहिताना तू हसत होतास, मी नव्हतो.

परतल्यावर कागद लिहायला बसलो तेव्हा नववं कलम तूच सांगितलंस. मी पेन खाली ठेवलं. तू म्हणालास, "लिव. गावात सगळ्याइले माहीतच हाये. कागदात नाई आलं तं लोक इचारतीन काऊन नाई." मी लिहिलं.

आज सकाळी पट्टी वाचली, वही बंद केली आणि सायकलनं कौसल्याबाईंच्या गावाला गेलो. अकरा किलोमीटर. त्या ओट्यावर मोहाच्या टोळ्या, म्हणजे बिया, दगडानं फोडत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "या भाऊ. काऊन एवढ्या सकाळी?" मी बसलोही नाही. उभ्या उभ्याच सांगितलं. पिशवी मी ठेवली होती. त्यानं वाळू ओली आहे म्हणून सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. साक्षगंध माझ्यामुळे हुकलं. तुम्ही वर्षभर चुकीच्या माणसाशी अबोला धरलात.

त्यांनी दगड बाजूला ठेवला. "बसा आधी."

बसलो.

"भाऊ, थो फोनवर म्हणे, आठ पावलांवर ठेवली. आठ! माह्या भावानं जन्मात पावलं मोजली होती काय? त्याले इचारलं वावर केवढं, तं म्हणे मोठं. इचारलं मासोळी केवढी, तं म्हणे मस्त. मी फोन ठेवला आन् यायले, माह्या मालकाले, म्हणलं, पिशवी पट्टीभाऊनं ठेवली."

"म्हणजे तुम्हाला तेव्हापासून..."

"तेव्हापासून."

"मग अबोला कशाला धरलात?"

"साक्षगंधाले आला नाई म्हणून! पिशवी कोनीही ठेवो, मामाचा पाट तं रिकामाच राह्यला ना?" आणि त्या हसायला लागल्या, हसता हसता थांबल्या. "त्याले वाटे मले खरं वाटलं. म्हणून मीही तशीच सांगत राह्यली. त्याच्या मनासारखं."

मग त्यांनी मला चहा दिला, आणि निघताना टोळ्यांची पुडी. मी म्हणालो, लोकांना आता खरं सांगेन, कागदातही लिहीन. त्या म्हणाल्या, "लिवा. पण थो समुद्राले पिशवी देल्ली वालं मी सांगतच राहीन. तेवढं मले राहू द्या."

राहू दिलं. तुझी हरकत नसावी.

भादव्यात गेटवर काय होईल ते मला माहीत नाही. कोणी म्हणेल, ज्याला समुद्राची कड कळली नाही त्याचा आकडा कशाला मानायचा. म्हणू दे. मी त्याला पट्टीपाशी घेऊन जाईन आणि म्हणेन, तूच वाच. तू जिवंत असताना हे मला सुचलं असतं तर बरं झालं असतं. तुझी राखी तरी वाचली असती.

आता घरी येऊन कागद उतरवतो आहे. सोळा कलमं झाली, मधे एकाची जागा सोडली होती. एकवीस जुन्या प्रती ज्यांच्याकडे आहेत त्यांची यादी काढली आहे, प्रत्येकाकडे दुरुस्तीची चिठ्ठी पाठवीन. सुनंदा उद्या येईल. तिच्या प्रतीत नववं कलम असं आहे:

"पिशवी ठेवताना पावलं मोजू नयेत. खाली वाकून वाळूला हात लावावा. ओली असेल तर वर जावं, कचऱ्याची ओळ दिसेल तिच्याही वर. हे केवळरामनं सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं."